बिबट्या हवेत ठेवणारा माणूस

माझी गोष्ट अर्ध्यावर तोडायची हिंमत अख्ख्या नाशकात एकाच माणसाने केली. माझ्या घशाच्या कॅन्सरला रोज शेक देणारा तो टेक्निशियन. रेडिएशनला आम्ही पेशंट शेकच म्हणतो. माणूस विजेच्या खांबाएवढा उंच, आणि बोलणं इतकं कमी, की जीभ आठवड्यातून दोनदाच कामावर येत असावी.

टेबलावर आडवा झालो की मी सुरू व्हायचो. विंचूरच्या द्राक्षबागेत मला बैलाएवढा बिबट्या कसा आडवा आला, ते. माझं डोकं सरळ करत तो विचारायचा, "मग?" बिबट्याने झेप घेतली, की नेमका जाळीचा मुखवटा माझ्या तोंडावर बसवून खटाखट चाप लावायचा.

"पुढचं उद्या, काका. आता हलायचं नाही."

शेक संपल्यावर तोंड उघडावं, तर दारात दुसरा पेशंट. चार आठवडे तो बिबट्या हवेतच होता.

मग घसा असा सोलला, की पाणीसुद्धा निखाऱ्यासारखं उतरायचं. आठ शेक उरले होते. ते चुकवले तर आधीचे सगळे वाया. तरी बायकोला म्हटलं, "बास. मी जाणार नाही." ती रडली, मी ढिम्म.

दुपारी त्याचा फोन आला.

"काका, बिबट्याचं काय झालं?"

मी घोगऱ्या आवाजात सुरुवात केली.

"फोनवर नको. इथे येऊन सांगा. थांबलोय."

मी रिक्षा बोलावली. बिबट्याचं पुढे काय झालं, ते तोवर मलाही सुचलेलं नव्हतं.