कुंकू लावताना सापडलेलं टेंगूळ

खंडेनवमीला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला आणि बायको टायरांना कुंकू लावायला लागली. पुढच्या डाव्या टायरपाशी तिचं बोट थांबलं. "हितं टेंगूळ आलंय की."

मला बार्शीला जायची घाई होती. आल्यावर बघू, म्हणालो. तिनं हातातला नारळ परत पिशवीत टाकला. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

चरफडत तिला घेऊन टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, बाजूला असा फुगवटा आला म्हणजे आतले धागे तुटलेत, याला ठिगळ चालत नाही, बदलाच. त्यानं त्याच मापाचं दुसरं टायर काढलं. काळंभोर, चकचकीत आणि स्वस्तही. माझा राग जरा निवळला. बायको मात्र वाकून त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचत होती. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, हे तिला मंगळवेढ्याला जीप चालवणाऱ्या भावानं शिकवलेलं. टायर सात वर्षांपूर्वीचं निघालं.

"कोरं हाय ताई, अजून रस्ता बघितला न्हाय त्यानं," दुकानदार म्हणाला.

"ठेवलं म्हणून टिकायला ते काय कडक भाकरी हाय?" बायको म्हणाली.