गाडी मालनची, गाऱ्हाणं रघूचं

ज्यांना बांगडा हवा असतो, त्यांनाच बांगड्याचा वास नको असतो. चांदेराईच्या सहा आसनी रिक्षातून लोकांनी मालनला मासळीच्या पाटीसकट खाली उतरवलं, तो दिवस बुधवारचा होता. म्हणजे त्याच लोकांच्या ताटात दुपारी मासळी असणार होती, आणि ती कुणीतरी पाटीतून नाहीतर क्रेटमधून आणूनच दिलेली असणार होती. पांढरीशुभ्र पँट घातलेले एक गुरुजी नाकाला रुमाल लावून म्हणाले, "अहो, हिला टपावर तरी टाका." हिला! पाटीला नव्हे, हिला. रिक्षावाला इंजिन चालू ठेवून नुसता समोर बघत राहिला. मालन उतरली. पाटी उतरवली. रिक्षा धूर सोडत निघून गेली आणि तिथंच रस्त्याच्या कडेला, उन्हात उभं राहून तिनं ठरवलं की आता मोटारसायकल घ्यायची. स्वतःची घ्यायची आणि चालवायचीही स्वतःच.

वाडीत नंतर लोक म्हणाले, मालनला हौस आली. हौस कसली डोंबलाची? बर्फाचं पाणी मानेवरून पाठीत उतरत असताना कुणाला हौस सुचते?

मालन भाट्याच्या खाडीकाठच्या खारवी वाडीतली, चाळिशीच्या आसपासची. नवरा रघू ट्रॉलरवर खलाशी. आठवड्यातले पाच दिवस दर्यावर आणि उरलेले दोन झोपेत. माणूस वाईट नाही, पण कुणी काही विचारलं की 'बघू' म्हणतो, आणि मग बघतही नाही. घरात तिसरी म्हणजे सासू हौसा. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

खारवणींची एक रीत आहे. कुठल्या बाईनं कुठल्या गावात मासळी विकायची, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. सासू थकली की तिची गावं सुनेला मिळतात. हे कुठं लिहिलेलं नाही आणि लिहायची गरजही कधी पडली नाही, कारण दुसरीच्या गावात पाटी घेऊन जाणं म्हणजे दुसरीच्या चुलीवर आपलं भांडं चढवणं. हौसाकडे हरचेरी आणि चांदेराई होती. तिला कधी कुणी पाटीसकट गाडीत घेतलं नाही. चाळीस वर्षं ती डोक्यावर पाटी घेऊन चालत गेली. पाच वर्षांपूर्वी गुडघ्यांनी पार जबाब दिला, तेव्हा तिनं मालनला बरोबर नेऊन घराघरांसमोर उभं केलं आणि सांगितलं, "ही माझी सून. आता हिच्याकडनं घेयाचं." गावं देण्याचा सोहळा एवढाच.

ही रीत मोडली ती बाबल्यानं. बाबल्या म्हणजे रघूचा चुलतभाऊ. सात वर्षांपूर्वी त्यानं मोटारसायकल घेतली, मागं क्रेट बांधला आणि जिथं रस्ता जाईल तिथं हॉर्न वाजवत मासळी विकायला लागला. हौसानं जाब विचारला, तर म्हणाला, "काकी, रस्तो काय तुज्या नावावर हाय?" चोर तो चोर, वर शिरजोर! मालन रिक्षावाल्याच्या हातापाया पडून दहा वाजता चांदेराईत पोचायची, तोवर घराघरांतून तळणीचा वास येत असायचा. बायका ओशाळून म्हणायच्या, "अगं, आत्ताच बाबल्या येऊन गेला गं. तू लवकर का येत नाहीस?" लवकर का येत नाहीस! जणू ही वाटेत झोपाळ्यावर बसून आली होती. एकेक घर करत अर्धीअधिक गिऱ्हाइकी गेली होती. अजून एक वर्ष असंच गेलं असतं, तर हौसानं चाळीस वर्षं पायांनी राखलेली गावं मालनच्या हातून कायमची गेली असती.

शेजारची श्रद्धा सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं भावाची गाडी आणली आणि सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी भाट्याच्या ओल्या, घट्ट वाळूत मालनला शिकवलं. मालन पडली, उठली, पुन्हा पडली. बंधाऱ्यावर बसून बाबल्या आणि त्याचे दोस्त हसायचे. वाळूला बिचारीला बाई-बाप्या कळत नाही, ती सगळ्यांना सारखंच पाडते. पंधरा दिवसांत मालन गिअर टाकून सरळ जायला लागली, महिन्यात वळायला लागली आणि लायसन्सही काढून आली.

दुकानात जायला तिनं सोमवार निवडला, कारण सोमवारी मासळी खातंय कोण? रघू बरोबर होता. बाबल्याही आला, कुणी न बोलावता. "गाडीतलं मला कळतंय," म्हणाला.

दुकानातला विक्रीवाला शुभंकर नावाचा गुळगुळीत केसांचा पोरगा होता. त्यानं रघूला खुर्ची दिली, बाबल्याला खुर्ची दिली आणि मालनला पंख्याखालची जागा दाखवली. मालननं शंभर सीसीची काळी मोटारसायकल दाखवायला सांगितलं, तेव्हा तो रघूकडे वळला.

"दादा, रोजचं रनिंग किती?"

"मला इचार," मालन म्हणाली. "दादा बोटीवर असतात. बोटीला रनिंग इचारतोस काय?"

पोरगा हसला. "मग ताई, तुमच्यासाठी स्कूटी बघू. लेडीज सगळ्या तीच नेतात. गुलाबी रंग आलाय."

"गुलाबी स्कूटीवर दोन क्रेट आणि बर्फ घेऊन हरचेरीचा चढ तू चढून दाव. मी आत्ता पैसे देतंय."

त्यानं स्कूटीचा नाद सोडला, पण सवय कशी जाणार? मोटारसायकलभोवती फिरवत त्यानं मागच्या चाकाजवळची जाळी दाखवली आणि म्हणाला, "आणि हे साडी गार्ड. मागे बसताना तुमचं पातळ अडकणार नाही."

"मागं कोण बसतंय?" मालननं विचारलं. या बाईनं पाचदा 'मी' म्हटलं होतं आणि ते पाचही वेळा पंख्याच्या वाऱ्यावर उडून गेलं होतं.

फॉर्म भरून झाला, सही करायला आला, आणि मालकाच्या रकान्यात रघूचं नाव! पोरग्यानं विचारलंसुद्धा नव्हतं. रघूनं ते वाचलं होतं, बाबल्यानं वाचलं होतं, आणि दोघांपैकी एकालाही त्यात वावगं दिसलं नव्हतं. मालननं पेन घेतलं, ते नाव आडवं खोडलं आणि कागद परत सरकवला. "दुसरा भर. मालन रघुनाथ. आणि या खेपेला डोळे उघडे ठेव."

शेवटी फोटो. गाडीला हार घालून पुठ्ठ्याची हातभर किल्ली हातात द्यायची असा तिथला प्रकार. पोरग्यानं ती किल्ली सरळ रघूच्या हातात दिली. रघूनंही घेतली! समोर आलेली वस्तू घ्यायची, एवढंच त्या माणसाला ठाऊक. मालननं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि फोटोत अशी उभी राहिली की आज तो फोटो पाहिला तरी माणसाला वाटावं, ही बाई किल्ली घेऊन कुणाला तरी मारायला निघालीय.

गाडी वाडीत आली, ती मालनच चालवत आली. नवी गाडी आधी जाकादेवीच्या देवळात न्यायची, नारळ ठेवून गुरवानं गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढचं मागणं, घालायचं आणि मगच ती धंद्याला लावायची, ही वाडीची पद्धत. देवळापुढं दहा-पंधरा माणसं जमली होती. हौसा पायरीवर काठी घेऊन बसली होती. बाबल्यानं तेवढ्यात मालनला बाजूला गाठलं.

"वयनी, गाडी घेतलंस ती बरी केलंस. आता तू जेटीवरनं माल भरून दे, मी दोन्ही गाड्यांचा बघतंय. एक दिवस ही, एक दिवस ती. बायमाणसानं चढाउतारावर कशाला मरायचं? काय दादा?"

"बघू," रघू म्हणाला.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. गावं खाल्ली, आता गाडीही हवी! मालन उत्तर देणार होती, पण धोंडू गुरवानं नारळ हातात घेतला आणि सगळ्यांनी हात जोडले. धोंडू सत्तरीचा, आवाज खणखणीत. त्यानं डोळे मिटले.

"आई जाकादेवी, आज ह्या तुज्या लेकरानं, रघूनं, नवी गाडी घेतलान हाय…"

"होय म्हाराजा!" माणसं म्हणाली.

"तेच्या हातापायाला यश दे. वाटंत काय आडवा आला तर बाजूला कर…"

"होय म्हाराजा!"

"तेच्या धंद्याला बरकत दे, तेच्या बायकामाणसांना सुखी ठेव…"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबल्याचा.

मालन ऐकत होती. गाडी तिची, पडणं-उठणं तिचं, पैसे तिच्या मासळीचे, आणि देवीपुढं ती कुठं होती? 'बायकामाणसांत.' दुकानातल्या पोरग्याला माफ करता येईल, तो परका. पण धोंडूनं तिला रोज पहाटे पाटी घेऊन जाताना देवळाच्या दारातून पाहिलं होतं.

"काका, थांबा," ती म्हणाली. "गाडी माझी हाय."

धोंडूनं एक डोळा उघडला. "अगो, तेच ते. घोव-बायकोचं काय वेगळं असतं?"

"वेगळं नसतं, तर माझंच नाव घ्या."

"बायच्या नावानं गाडीचं गाऱ्हाणं माज्या बापानं घातलान नाय नि मी पण नाय. आणि एकदा घातलं ते घातलं. ते मागं घेता येत नाय."

"दुकानात कागदावर चुकलं, ते मी खोडलं. हे पण खोडा."

"देव म्हंजे काय कागद हाय?" धोंडू तापला.

बाबल्या हसला. "सोड गो वयनी. देवीनं ऐकलान. आता गाडी दादाची." आणि दोघंतिघं त्याच्याबरोबर हसले. हसण्यावारी नेलेली गोष्टच उद्या वाडीत खरी ठरते, हे मालनला पक्कं ठाऊक होतं. आज गप्प राहिली असती, तर बुधवारी पहाटे बाबल्या किल्ली मागायला दारात उभा असता आणि सगळी वाडी म्हणाली असती, देवीनंच दिली.

तिनं धोंडूच्या हातातून नारळ काढून घेतला. आजवर कुठल्या बाईनं असं केलं नव्हतं.

"आई, मी मालन. हौसाची सून. आत्ता तुला सांगितलानी ते चुकीचं हाय. गाडी माझी. मिरकरवाड्याच्या जेटीवरनं मासळी भरून चांदेराईला मी जानार. पडले तर मी पडनार, म्हनून राखायचं तर मला राख. माज्या सासूनं चालून चालून राखलेली गावं माज्याकडं ऱ्हाऊदेत. ती जेनं खाल्लान, तेचं नाव मी घेत नाय. तो तुज्या समोरच उभा हाय."

ती थांबली. आता माणसांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. कुणी म्हणालं नाही. बाबल्याचं हसू गेलं होतं. रघू स्वतःच्या पायांकडे बघत होता. ज्या गाऱ्हाण्याला होकार मिळत नाही, ते देवीपर्यंत पोचत नाही असं म्हणतात, आणि उभी वाडी तोंड मिटून बसली होती.

"होय म्हाराजा!"

पायरीवरून आवाज आला. हौसा काठी टेकून उठत होती. उठता उठता ती रघूकडे बघून ओरडली, "तुज्या तोंडात काय मूग भरलेत रे? बोल की!" आणि रघू, आयुष्यात पहिल्यांदा 'बघू' न म्हणता, म्हणाला, "होय म्हाराजा." मग मागून श्रद्धा म्हणाली, तिची आई म्हणाली, आणखी दोन बाया म्हणाल्या. मालननं नारळ पुढं केला, तेव्हा धोंडूनं तो घेतला आणि फोडला.

हौसा गाडीपाशी आली. "मला मागं बसव. चांदेराईला ने."

"आये, आज सोमवार. आज काय करायचंय थयसर?"

"ने म्हनतंय ना!"

सासूला मागं बसवून मालन निघाली. हौसानं एका हातानं सुनेची कंबर धरली होती. हरचेरीच्या चढावर मालननं गिअर बदलला, गाडी कुरकुरत वर चढली. पुढं चांदेराईच्या नाक्यावर तिनं पाय टेकला.

"आलं?" हौसानं विचारलं.

"आलं."

"एवढंच?" म्हातारी आजूबाजूला बघत राहिली. अर्धा तास झाला होता. पहाटे चार वाजता निघून ती इथं दहाला पोचायची. "मालन, शेवटची दोन वर्षां मी ह्याच चढावर गुडघं धरून बसायचे. तो माज्या बाजूनं हॉर्न वाजवत जायचा. मागं जागा असायची, गो. एक दिवस म्हनाला नाय, काकी, बस."

तिचे डोळे भरले होते, पण ते रडणं नव्हतं. तिनं मालनच्या बगलेखालून हात पुढं घातला आणि हॉर्नवर अंगठा दाबून धरला, सोडेचना. चार घरांतून बायका बाहेर आल्या.

"हौसाबाई? आज सोमवारी मासळी?"

"मासळी बुधवारी," हौसा मागच्या सीटवरूनच म्हणाली. "ही माझी सून. ही हिची गाडी. हा हॉर्न नीट ऐकून ठेवा, आणि दुसऱ्या हॉर्नाला भांडं घेऊन भायेर येव नका."