तीनशे त्रेपन्न दिवस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तपासनिसाच्या नोकरीत मी एकही ओळ खोटी लिहिली नाही. खरंच आहे ते — एकही ओळ खोटी नव्हती. तिथेच तर गोम आहे.

अमरावतीच्या कचेरीतून मी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्था तपासायचो. अकोल्याला निराधार म्हाताऱ्यांचा एक आश्रम होता. माणसं एकोणीस. नियम असा, की तीन महिन्यांतून एकदा, न कळवता जायचं. जे शिजलं असेल ते चाखायचं आणि लिहायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा कालची भाकर पाण्यात भिजवून वाढली होती, आणि वरणात डाळ शोधावी लागत होती. तसं लिहिलं का मी? लिहिलं असतं तर अनुदान थांबलं असतं, दाराला कुलूप लागलं असतं — आणि ते एकोणीस जण कुठे गेले असते? मी शेरा दिला : सुधारणेस वाव आहे.

दुसऱ्या खेपेला व्यवस्थापक जागेवर भेटावेत म्हणून आधी पोस्टकार्ड टाकलं. गेलो तर मऊ आसट भात, वर तूप, वांग्याची भाजी. दात नसलेली माणसं मन लावून जेवत होती. त्यांच्यातल्या भातकुलीकडच्या सरूबाई मला म्हणाल्या, "तुमी येनार म्हून आमाले भात भेटला, साहेब. दर हप्त्याले काहून नाई येत?"

मग मी ठरवून नियम मोडला. दर महिन्याला जाऊ लागलो, आणि दर वेळी आठ दिवस आधी कार्ड. त्याची मला आजही लाज वाटत नाही. चाखलेला भात चांगला होता, म्हणून 'अन्न समाधानकारक' लिहिलं. ज्याला यात खोट काढायची असेल, त्याने आधी दात नसताना शिळी भाकर चावून पाहावी. पुढे वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, फॉर्मावरचं राज्याचं नाव बदललं — माझा शेरा तोच राहिला.

एवढंच असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

एका हिवाळ्यात सरूबाई फार वाळलेल्या दिसल्या. ताटातला भात तसाच होता. हळूच म्हणाल्या, "आता एकडाव कार्ड न धाडता येजा, साहेब. रोजचं काय हाये ते पाहून जाजा."

मी मान हलवली. त्यांना तो होकार वाटला.

परतीच्या मोटारीत मी हिशेब मांडला. न कळवता गेलो तर दिसेल. दिसलं तर लिहावं लागेल. लिहिलं तर वरचे विचारतील — मग आजवरचं 'समाधानकारक' काय होतं? आणि ते एकोणीस जण? त्यांची काळजी — खरं सांगतो — त्या वेळी मनात आलीच नाही. आली ती माझ्या नोकरीची.

पुढच्या महिन्यात मी कार्ड टाकलं. आठ दिवसांनी गेलो. भात होता, तूप होतं. ताटं अठरा होती. मृत्यूंच्या वहीत सरूबाईंच्या नावापुढे 'वार्धक्य' असं कारण लिहिलेलं होतं. मी त्याखाली सही केली, भात चाखला. चांगला होता. तसंच लिहिलं.

वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. त्यातले बारा मी त्या माणसांना दिले — ते माझे आहेत, कोणी नाकारून दाखवावं. उरलेले तीनशे त्रेपन्नही माझेच.