केशरबाईचे खारे दिंड

कुंभार पिंपळगावच्या केशरबाईला दोन गोष्टी कधीच जमल्या नाहीत. एक, तोंड बंद ठेवणं, आणि दुसरी, तोंड रिकामं ठेवणं. उंचीला बेताची, अंगानं भरलेली, दिवसभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणारी ही बाई जेवायला बसली की नवरा संपत भाकरीचं टोपलं आधी आपल्याकडं ओढून घ्यायचा. तिचा मोहल्ला छप्पन सालानंतर बौद्ध झाला तेव्हा घरोघरचे देव गाठोड्यात बांधून गोदावरीत गेले, जुने सणवार गेले. केशरबाईनं सगळं मुकाट्यानं सोडलं. फक्त नागपंचमीचे पुरणाचे दिंड सोडले नाहीत.

"नाग सोडला, पंचमी सोडली," ती म्हणायची. "पण पुरण कणकेत गुंडाळून उकडलं, त्यात कोणता देव बसला हाय, मला दाखवा!"

दाखवायची जबाबदारी साहेबराव गुरुजींवर यायची. ते गावच्या शाळेत मास्तर होते आणि मोहल्ल्याच्या वागण्याबोलण्यावर त्यांचं बारीक लक्ष असायचं. शहात्तर सालच्या डिसेंबरात त्यांनी धम्मयात्रा काढली. जालन्याहून मनमाड, तिथून सारनाथ, बुद्धगया, आणि शेवटी कलकत्त्याचा मोठा अजबखाना. तेवीस माणसं निघाली. संपत शेळ्या सांभाळायला घरी राहिला आणि ते त्यानं इतक्या आनंदानं कबूल केलं की केशरबाईला जरा रागच आला.

जालन्याच्या फलाटावर गुरुजींनी प्रत्येकाच्या छातीवर बुद्धाचं चित्र असलेला कागदी बिल्ला टोचला आणि नियम सांगितले. एकट्यानं कुठं जायचं नाही. गाडीत भांडायचं नाही. यात्रा संपेपर्यंत मांसमच्छी बिलकुल बंद.

"अंडं?" केशरबाईनं विचारलं.

"केशरबाई, आपण कशाला चाललो?"

"तेच म्हणते, चाललोय लांब. पोटात काही पाहिजे का न्हाई?"

बारा दिवस खिचडी झाली. सारनाथला खिचडी, गयेला खिचडी, बोधिवृक्षाखाली डोळे मिटून बसली तेव्हाही केशरबाईच्या नाकाशी खिचडीच. तिथं तिला रडू मात्र खरोखर आलं. सोबतच्या बायांना ती म्हणाली की मन भरून आलं, आणि ते खोटं नव्हतं. पोट भरलं नव्हतं, हेही खोटं नव्हतं.

कलकत्त्यात त्यांचा मुक्काम एका धर्मशाळेत होता. दुसऱ्या दिवशी केशरबाई उजाडताच उठली आणि तोंड धुवायला म्हणून नळावर गेली. तिथं वाऱ्यावर एक वास आला. कणीक वाफेवर शिजतानाचा वास. तो तिनं हजारात ओळखला असता. पण पुरणाचा गोडवा त्यात नव्हता, दुसरंच काहीतरी होतं, कांद्याचं आणि चरबीचं. तिनं पदर खोचला आणि नाकाच्या मागं निघाली. दोन गल्ल्या, एक चौक, मग भाजीबाजार. बाजाराच्या कडेला रस्त्यावरच चुली पेटलेल्या. चुलींवर मोठी भांडी, भांड्यांवर वेताच्या गोल टोपल्यांच्या उतरंडी, आणि त्यातून वाफ. मागं बारीक डोळ्यांची चिनी माणसं, पुढं बाकावर बसून खाणारं निम्मं कलकत्ता.

केशरबाई एका म्हाताऱ्या चिनी बाईच्या बाकावर बसली. म्हातारीनं टोपलीचं झाकण उचललं, आणि केशरबाई मोठ्यानं म्हणाली, "अगं माय, दिंड!"

पांढरे, चकचकीत, तोंडाशी घातलेल्या चुण्या सोडल्या तर हुबेहूब. केशरबाईचं हिंदी बाजारात मोमिनांच्या बायांकडून शिकलेलं, म्हातारीचं कलकत्त्याच्या रस्त्यावरचं. दोघींचं सारखंच मोडकं होतं, त्यामुळं बराबर जुळलं.

"अम्मा, इसमें क्या भरके रख्या?"

"सुअर," म्हातारी म्हणाली. "अच्छा सुअर."

केशरबाईला गुरुजी आठवले. नियम आठवला. बारा दिवसांची खिचडीही आठवली.

"चार दे दो," ती म्हणाली.

पहिला तिनं लहान घास घेऊन खाल्ला. आतून गरम रस जिभेवर आला, तशी तिनं उरलेला सगळा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. बोधिवृक्षाखाली तिला जे साधलं नव्हतं ते तिथं साधलं. मग तिनं आणखी चार घेतले. नंतर आणखी तीन. म्हातारी कौतुकानं बघत होती. मध्येच तिनं बोट पुढं करून बिल्ल्याला लावलं.

"बुद्धा?"

"हां. हम बुद्ध."

"तुम?"

"पूरा मोहल्ला. एकदम."

म्हातारीला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं हात पुसले आणि मागच्या दुकानात फळीवर ठेवलेली बुद्धाची मूर्ती दाखवली. मूर्तीपुढं उदबत्ती जळत होती. "हम भी," ती म्हणाली. "बाप, दादा, सब."

"म्हणजे तुम्ही शिळे, आम्ही ताजे," केशरबाई मराठीतच म्हणाली आणि हात जोडले. म्हातारीनंही जोडले.

एवढ्यात मागून आवाज आला. "केशरबाई!"

साहेबराव गुरुजी. गळ्याला मफलर, कपाळाला आठ्या. केशरबाईच्या गालात अर्धा दिंड होता. गिळावा की थुंकावा, हा विचार तिनं केला नाही. गिळलाच.

"तेवीस माणसांची जिम्मेदारी माझ्यावर, अन् तुम्ही इथं... हे काय खाऊन राह्यल्या? धम्मयात्रेत?"

केशरबाई उत्तर जुळवत होती, पण तिला तोंड उघडावंच लागलं नाही. म्हातारीनं गुरुजींकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"मास्टर! कल दो प्लेट. आज?"

आणि गुरुजींनी काही म्हणायच्या आत तिनं त्यांच्यापुढं प्लेट ठेवली. वर मिरचीची चटणी, जास्तीची. म्हणजे आवडसुद्धा ठाऊक होती.

गुरुजींचे कान लाल झाले. एक ट्राम घणघणत गेली. ती पुरती जाईपर्यंत त्यांनी मफलर सारखा केला.

"मी काल आल्तो ते," गुरुजी म्हणाले, "चौकशी करायला. इथं बौद्ध लोक राहतात असं ऐकलं होतं."

"दोन प्लेट चौकशी केली का?"

"केशरबाई..."

"बसा गुरुजी," बाकावर सरकत ती म्हणाली. "गार व्हतील. अन् मी म्हणते, तुमचं काय चुकलं? ही बाई बौद्ध, आपण बौद्ध. शिवाशिव आपल्याला मान्य न्हाई. मंग तिच्या हातचं नको कसं म्हणायचं? पाप लागंल."

"पाप हा शब्द आपण वापरत न्हाई," गुरुजी पडेल आवाजात म्हणाले, आणि बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेवीसच्या तेवीस माणसं त्या बाकांवर होती. दोघं खरे शाकाहारी निघाले. त्यांनी नुसते उकडलेले पाव चहात बुडवून खाल्ले. केशरबाई तोवर चुलीमागं जाऊन बसली होती. चुण्या कशा घालायच्या ते म्हातारीनं तिला दाखवलं, आणि तुझी कणीक सैल आहे हे केशरबाईनं म्हातारीला.

गावात आल्यावर ती गप्प बसणार नव्हतीच. मैदा रोज कुठून आणायचा, म्हणून गव्हाची बारीक चाळलेली कणीक घेतली. डुकराच्या जागी बोकडाचा खिमा, कांदा, लसूण, काळा मसाला. पातेल्यावर चाळणी, चाळणीवर ओलं फडकं. पहिला घाणा संपतनं एकट्यानं संपवला आणि शेळ्यांना चारा घालायचा विसरला. मग तिनं आठवडी बाजारात, कडेच्या लिंबाखाली चूल मांडली. गुरुजींनी झकास अक्षरात पाटी लिहून दिली: 'अस्सल चिनी दिंड'.

मोहल्ल्यातली माणसं आली, मोमीन आले, एस.टी.चा ड्रायव्हर आला. गावातले जमीनवाले लांबून बघून जायचे. मग एका बाजारी रामकिसन आला. त्याच्याच रानात केशरबाई कापूस वेचायची, आणि त्याच्या घरी तिला पाणी वरून ओंजळीत मिळायचं.

"आठ बांधून दे," तो इकडंतिकडं बघत म्हणाला. "कुत्र्याला पाहिजेत."

पुढच्या बाजारी कुत्र्याला बारा लागले. त्याच्या पुढच्या बाजारी सोळा.

"मालक, कुत्रं चवीचं हाय," केशरबाई म्हणाली. "ठेचा देऊ का त्याला?"

"दे थोडा."

चौथ्या बाजारी त्याला धीर धरवला नाही. केशरबाई पुडा बांधत होती तेवढ्यात त्यानं एक उचलून, ठेच्यात बुडवून तोंडात टाकला. ठेचा त्या दिवशी लवंगी मिरचीचा होता. रामकिसनच्या डोळ्यांतून, नाकातून एकदम पाणी आलं. तो हात हलवायला लागला. पाण्याचा आड बाजाराच्या पार त्या टोकाला. केशरबाईचा माठ हातभर अंतरावर.

तिनं लोटा भरला आणि पुढं धरला. वरून ओतला नाही. बाजूचे बांगडीवाले, भाजीवाल्या बघत होत्या.

"घ्या मालक," ती म्हणाली. "खाणं चिनी हाय, तर पाणी बी चिनीच समजा."

त्यानं लोटा घेतला, तोंडाला लावून रिकामा केला आणि परत पुढं केला. "अजून," तो म्हणाला.

ह्यावरून त्याच्या घरी त्याच्या आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही, असं म्हणतात. गावातली तीनचार घरं केशरबाईच्या चुलीकडं शेवटपर्यंत फिरकली नाहीत. पण रामकिसन यायचा, आणि आता बसून खायचा. दिवाळीपर्यंत घनसावंगीच्या बाजारातही तिची चूल लागली आणि वेचणीच्या ऐन हंगामात तिनं त्याच्या रानात जायचं बंद केलं.

"अगं, मंग माझा कापूस कोण वेचणार?" दिंड चावत त्यानं विचारलं.

"चीनहून माणसं बोलवा," केशरबाई म्हणाली आणि दुसरा घाणा लावला.