हळदीला ऊन लागतं

बोटमामांसमोर बाहेरून जेवून आलेल्या माणसानं उभं राहायची सोय नव्हती. ते शर्टाकडे बघायचे आणि आपण कुठं, काय आणि किती घाईत खाल्लं ते सांगायचे. "विजू, राजूरला गेल्तास व्हय? ह्यो काळा मसाला आपल्याकडचा न्हाई. अन् उभ्यानं खाल्लंस." मी खरोखरच राजूरच्या बाजारात, एस.टी. सुटेल या धास्तीनं उभ्यानं मिसळ खाल्ली होती. दहावीला असताना शिकवणी बुडवून श्रीरामपूर स्टेशनाबाहेर भेळ खाल्ली, तेव्हा बाहीवरच्या चिंचेच्या एका ठिपक्यावरून त्यांनी मला आईसमोर उघडं पाडलं. मी नाही नाही म्हणत राहिलो. मामा शांतपणे म्हणाले, "पोरा, मानूस खोटं बोलंल. डाग खोटं बोलत न्हाई." हे वाक्य मला त्यानंतर इतक्या वेळा ऐकावं लागलं की त्याचा मला रागच यायचा.

त्यांचं खरं नाव शांतवन. आईचे धाकटे भाऊ. बावीस वर्षं ते एका परदेशी प्रवासी बोटीवर लॉन्ड्रीत होते. वर्षातले दहा महिने समुद्रावर, दोन महिने श्रीरामपुरात. चादरी इस्त्री करायच्या रुळात सापडून त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाचं पेर गेलं, आणि गावाला आयतंच मिळालं: "शांतवननं बोटीला बोट दिलं." तेव्हापासून ते बोटमामा. हा विनोद नव्या माणसाला ते स्वतःच सांगायचे आणि समोरच्याच्या आधी हसायचे.

सुट्टीवर आले की मामांच्या तोंडी एकच: "आमच्या बोटीवर." लग्नाचा मांडव असो, आमच्या ख्रिस्ती देवळातली नाताळची रोषणाई असो, सगळं बोटीच्या मापानं मोजलं जायचं. सात मजले. डेकवर पोहायचा तलाव. जेवणाच्या हॉलात झुंबर, "आपल्या चर्चच्या घंटेयेवढं न्हाई, घंटाघरायेवढं." शनिवारी नाच, नाचात म्हाताऱ्या मडमा. आम्ही भाचरं तोंड उघडं टाकून ऐकायचो. पुढं मी राहात्याला शाळेत भूगोल शिकवू लागलो. महासागर हा धडा आला की पुस्तक मिटायचं आणि मामांची बोट सोडायची, हा माझा ठरलेला कार्यक्रम. माझ्या किती वर्गांनी ते झुंबर पाहिलंय याचा हिशेब नाही.

मामी गेल्यावर मामा आमच्याकडेच राहायला आले. पंचाहत्तरी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. टीव्हीवर क्रूझची जाहिरात लागली की ते आवाज वाढवायचे. मुंबईहून तीन रात्रींची फेरी असते असं कळलं आणि मी ठरवून टाकलं. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या त्याला एकदा त्या चादरीवर झोपवायचं. माझं मलाच इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले. सुहासिनी, माझी बायको, एवढंच म्हणाली, "अहो, पण त्यांना विचारलंत का?" मी विचारलं नव्हतं. सांगितलं. दोन दिवस मामांनी टीव्ही लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचे तीन सदरे काढले, माझेही काढले आणि दुपारभर इस्त्री करत बसले.

बंदरावर बोट दिसली तेव्हा ते मान वर करून बघतच राहिले. "लई मोठी हाय ही. आमची निम्मीच हुती." पाहुण्यांच्या दारावर गालिचा, फुलं, गाणं. मामा तिकडे न जाता सामान चढवत होते त्या खालच्या दाराकडे सरळ चालू लागले. मी हाताला धरून वळवलं, तर ओशाळून म्हणाले, "पायाला सवय."

केबिनमध्ये मात्र मामा मामा होते. आधी चादरीचा काठ बोटांत धरून चोळला. मग उशीचा अभ्रा नाकाशी नेला. "साबन कमी, पानी चांगलं. आमच्याकडं खळ जास्त असायची, चादर कागदावानी वाजायची. ही मऊ हाय. पन काठ बघ, रूळ जरा वाकडा झालाय ह्यांचा." मी खूश. म्हटलं, आता हा माणूस आपल्याला अख्खी बोट दाखवणार.

आम्ही बाहेर पडलो आणि मामा हरवले. हॉल कुठं असेल म्हटलं, तर "इचारू की कुनाला." तलाव कितव्या मजल्यावर असतो, तर "पाटीवर असंल." काचेच्या लिफ्टमध्ये त्यांनी माझी बाही धरली. मधल्या चौकात झुंबर लोंबत होतं, खरोखर घंटाघराएवढं. मी अभिमानानं विचारलं, "मामा, तुमच्या बोटीवरचं याहून मोठं होतं ना?"

"असंल."

"असंल म्हणजे?"

सुहासिनीनं मला डोळ्यांनी दटावलं. तिच्या ध्यानात आलं होतं. मी भूगोलाचा मास्तर, मला सगळं उशिरा कळतं.

वरच्या डेकवर तलावाकाठी खुर्चीवर कुणीतरी ओला टॉवेल टाकून गेलं होतं. मामांनी तो उचलला, पाणी पिळून खुर्चीच्या पाठीवर नीट घातला आणि तिथंच बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "विजू, मी वर आलोच न्हाई कदी."

बावीस वर्षं! दिवसाची पाळी बारा तासांची, पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही. वर यायची मनाई. रात्री मागच्या बाजूला बिडी ओढायला दोन खांबांमध्ये जागा होती, तिथून समुद्र दिसायचा तो नुसता काळा. बंदरात दिवसा उतरायला मिळालं तरी बोट उभी, आणि समोर गोदीचं गढूळ पाणी.

"मग तलाव?"

"टॉवेल यायचे की. ऊन पडलं की हजार यायचे, वास उन्हात अंगाला चोळायच्या तेलाचा. ढग असले की दोनशे. वर ऊन हाय का न्हाई, आमाला टॉवेलवरनं कळायचं."

"आणि नाच?"

"रविवारी सदरे यायचे, खांद्यावर पावडर अन् लाली. लाली बी जुन्या तऱ्हेची. म्हनलं, मडमा म्हाताऱ्या असतील."

झुंबराचं विचारायला माझी जीभ रेटेना. त्यांनीच सांगितलं. "काच पुसायची फडकी यायची महिन्यातनं एकदा. साठ-सत्तर. म्हनलं, येवढी फडकी लागत्यात, तर केवढं असंल!"

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू! इतकी वर्षं मी वर्गात उभा राहून काय सांगत होतो? "मामा, मग आम्हाला खोटं का सांगितलंत?"

त्यांनी चमकून वर पाहिलं. "खोटं कुठं सांगितलं? डाग बघूनच सांगितलं समदं."

या माणसानं मळक्या कपड्यांतून सात मजले उभे केले होते, आणि त्यातला एकही चुकला नव्हता. माझा राग कुठल्या कुठं गेला. त्याच्या जागी जे आलं त्याचं काय करावं ते मला कळेना. मी त्यांच्या शेजारी नुसता बसून राहिलो.

पाचच्या सुमाराला बोट सुटली. मामा कठड्याला धरून उभे होते. "आमाला मशीन थरथरली की कळायचं, सुटली म्हनून," ते म्हणाले. किनारा मागं गेला, पाण्याचा गढूळपणा सरला आणि निळं सुरू झालं. ते एकटक बघत होते. बऱ्याच वेळानं, एखाद्या मुलानं गोळी मागावी तसं म्हणाले, "मला जरा खाली जाऊन यायला मिळंल का रं? लॉन्ड्रीत. तिथं कोन हाय, बघून येतो."

मी तडक काउंटरवर गेलो. तिथली मुलगी फार गोड बोलली. सुरक्षेचा नियम आहे, पाहुण्यांना खाली परवानगी नाही. मी मामांची सगळी हकिगत सांगितली, बोटाचं पेर सांगितलं, मास्तरकीतलं सगळं इंग्रजी खर्ची घातलं. तिचे डोळे ओले झाले. नियम कोरडाच राहिला. मी परत आलो तर माझा चेहरा बघूनच मामा हसले. "ऱ्हाऊ दे. आमच्यात बी पाहुन्याला खाली सोडत नसत. अन् मी आता पाहुना हाय."

जेवणाच्या टेबलावर पांढराशुभ्र कपडा होता. मामांनी आधी त्यावर आपला रुमाल पसरला, मग त्यावर ताट ठेवलं. सुहासिनी म्हणाली, "मामा, सांडलं तर सांडू द्या. आज तुमच्यासाठी कुणीतरी धुवेल." ती चांगल्या मनानं म्हणाली. आणि तेवढ्यात त्यांच्या हातून वाटी कलंडली, आणि पिवळाजर्द रस्सा रुमाल ओलांडून पुढं गेला.

वाढपी धावत आला. काही हरकत नाही म्हणाला, दोन झटक्यांत कपडा काढला, नवा पसरला. मामा उठून उभे राहिले. तो गुंडाळलेला कपडा मागच्या दारातून गेला तिकडे बघत होते.

"हळद हाय, विजू."

"असू द्या मामा. बसा."

"आरं, हळदीला साबन चालत न्हाई. हळदीला ऊन लागतं. उन्हात टाकली की आपोआप उडती. खाली ऊन कुठनं आननार त्यो मानूस?" त्यांचा आवाज चढला होता. शेजारचे बघू लागले. "घाशीत बसंल. निघायचा न्हाई. अन् साहेब त्यालाच बोलंल."

ते जेवले नाहीत. मी परोपरीनं समजावलं; अशा शेकडो डागांची यांना सवय असेल, असंही म्हणालो. ते म्हणाले, "व्हय, सवय असती." त्यांना सुख द्यायला मी आणलं होतं, आणि वरच्या मजल्यावर बसवून त्यांना मी एका अनोळखी माणसाचा गुन्हेगार केलं होतं.

केबिनमध्ये आल्यावर त्यांनी माझ्याकडे कागद-पेन मागितलं. गुडघ्यावर धरून काहीतरी लिहिलं. मग उशीचा अभ्रा काढला, कागद आत तळाशी सारला आणि अभ्रा दाराजवळ ठेवला. "खाली जायला आपल्याला मनाई हाय. ह्याला न्हाई," म्हणाले. कितीतरी वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर जरा बरं दिसलं.

सकाळी केबिनची साफसफाई बघणारा माणूस आला, चाळिशी उलटलेला, हसतमुख. मळके कपडे घेऊन गेला आणि पाचच मिनिटांत परत आला. हातात तो कागद. चुरगळला होता, तो त्यानं तळहातानं सपाट केला असावा. अदबीनं मामांपुढं धरून म्हणाला, "साब, आपका कागज. तकिये के कवर में रह गया था. अच्छा हुआ मैंने देख लिया, नहीं तो नीचे चला जाता."

मी काही बोलणार होतो. मामांनी मला हातानं थांबवलं. कागद घेतला, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "थँक्यू, सर."

तो गेल्यावर म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. अभ्रा झटकूनच खाली धाडायचा असतो. आमच्यात बी तसंच हुतं. चांगला मानूस हाय." आणि कागद माझ्याकडे देऊन ते खिडकीशी जाऊन बसले.

बोटीवर शिकलेलं मोडकं इंग्रजी होतं, सगळी मोठी अक्षरं. मराठीत सांगायचं तर असं: मित्रा, टेबलाच्या कपड्यावरची हळद माझी आहे. तुला बोलणी बसली तर माफ कर. मी पण लॉन्ड्रीतला. आज वर आलोय. बाहेर ऊन चांगलं होतं. समुद्र निळा आहे, आणि आपल्याला खालून वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

मी कागद हातात घेऊन उभा राहिलो. एवढ्या मोठ्या बोटीवर तो कुणाकडे द्यावा हे मला तेव्हा सुचलं नाही. मामा जाऊन आता वर्ष होत आलं, अजून सुचलेलं नाही.