सरांच्या दारापुढचा तुकडा

आमच्या शेजारचे सर बीडमध्ये इंग्रजीची शिकवणी घेतात. शब्द पाठ करून येत नाही, तो हातापायाला कळावा लागतो, असं त्यांचं ठाम मत आहे. बोलता बोलता ते भिंतीवर तळहात फिरवतात आणि ‘रफ’ म्हणतात. बाजरीची जाडीभरडी भाकरी चावताना डोळे मिटून ‘कोर्स’, म्हणजे खरखरीत, म्हणतात. त्यांची दाढी वाढली की पोरं रांगेनं गालाला हात लावून ‘ब्रिस्टली’ शिकतात.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत डांबरी रस्ता व्हायला लागला. रोलर सरांच्या दारापाशी आला, तसे ते अनवाणीच धावत येऊन त्याच्या पुढ्यात उभे राहिले.

“एवढा तुकडा ऱ्हाऊ द्या. ‘अनइव्हन’ शिकवायचं ऱ्हायलंय.”

“येडे झालात का?” ड्रायव्हर घोगऱ्या आवाजात ओरडला.

“हा तुमचा आवाज हाय ना, याला ‘ग्रफ’ म्हणतात. लई चांगला हाय.”

ड्रायव्हर लाजला. त्यानं तो शब्द दोनदा पुटपुटून बघितला आणि रोलर वळसा घालून पुढे नेला.

आता सगळी गल्ली गुळगुळीत आहे आणि सरांच्या दारापुढे तेवढे खड्डे आहेत. पोरं त्यांवरून गंभीर चेहऱ्यानं फेऱ्या मारतात. मला हसू येतं, आणि जरा धास्तीही वाटते.

परवा माझी आई तिथं अडखळून पडली. सर धावत आले, त्यांनी तिला हात धरून उठवलं आणि काळजीनं विचारलं, “काकू, कसं वाटलं?”

“मेले की रे बाबा!”

“तसं न्हाई,” सर हळूच म्हणाले. “इंग्रजीत.”