यमुनेच्या पदराच्या गाठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. यमुनेला तर नाहीच. आता ती गेली, तेरवी झाली, आणि मला कंठ फुटतो आहे. याला धैर्य कसं म्हणावं?

यमुना माझी धाकटी बहीण. गावच्या शाळेत मी नवा मास्तर आणि ती माझ्याच वर्गात. पोर चलाख, पण एक काम सांगितलं की दुसरं विसरायची. मी चिडायचो, अंगठे धरून उभी करायचो. विसरलेलं असं आठवतं का कधी?

मायनं वेगळा उपाय काढला. सकाळी दांडीवरच्या यमुनेच्या लुगड्याला ती पदराशी गाठी मारून ठेवायची — कामागणिक एक. काम केलं की यमुनेनं गाठ सोडायची. गाठ नाही म्हणजे काम उरलं नाही. एखाद्या दिवशी मायच सगळं उरकायची, तेव्हा पदर मोकळाच असायचा. आधी पदर गाठींनी भरायचा, पण मी सांगतो आहे त्या पावसाळ्यात दोनच लागत होत्या. पोर शिकत होती. मला ते दिसत होतं — मग मी तसं का केलं?

वर्गातली पोरं हसायची म्हणून. एकानं विचारलं, “गुरुजी, पाढ्यालेबी गाठ माराची का?” वर्ग खिदळला. यमुनाही हसली. तेच मला खुपलं.

दुसऱ्या दिवशी माय लोकांच्या बांधीत धानाच्या रोवणीला गेली, यमुना आंघोळीला. मी दांडीवरचा पदर ओढला आणि दोन्ही गाठी सोडल्या. एक पाटीची, हे ठाऊक होतं. ती पाटी विसरेल, गाठींचं खूळ सुटेल — एवढंच डोक्यात. दुसरी कशाची, हा विचारही केला नाही. ती शेळ्यांच्या कुंपणाची ताटी लावायची होती.

शाळेत मी पाटी मागितली. तिनं शांतपणे पदर दाखवला. “गाठ तं नव्हती, भाऊ.”

मी छडी मारली. हो — सगळं माहीत असून मारली.

तोवर शेळ्यांनी घरामागचे धानाचे परे खाल्ले होते. आमच्या रोवणीला रोप उरलं नाही. संध्याकाळी माय रडत होती, “म्या सोता मारल्या गाठी. काऊन सोडल्या वो, काम न करता?” यमुना नुसती पदराकडे पाहत राहिली.

बाबा म्हणाले, “बस झाली शाळा. हिच्या डोक्यात काही राह्यत नाही. का गा मास्तर?”

एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, “नाही राहत.”

तिचं नाव शाळेतून निघालं. त्याहून वाईट — तिनं माझं म्हणणं खरं मानलं. सासरी भाजीत मीठ टाकलं की नाही, हेही ती जावेला विचारायची. सगळे तिला हसायचे, आणि मीही हसलो आहे.

शेवटच्या आजारात मी तिला औषध द्यायला बसलो, तर म्हणाली, “आधीच घेतलं का म्या, भाऊ? माह्यावर भरवसा नको धरू.”

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी पाण्याचा पेला पुढे केला.